बाराला पडलं पाहिजे

गिरणाऱ्याच्या रस्त्याला, द्राक्षबागेमागच्या पडीक रानात
विश्राम पिंगळेने स्कॉटलंड मांडलं होतं, एका रविवारपुरतं.
अ‍ॅबर्डीनला अकरा वर्षं काढून आलेला माणूस
चौकड्यांचा घागरा नेसून फाटकात उभा.
आत थर्मल, कारण जानेवारी, आणि धरणावरचा वारा
कुणाची परंपरा विचारून वाहत नाही.
"घागरा नाही वहिनी, किल्ट."
म्हटलं, बरं. चुण्या मात्र झकास बसल्यात.

एका तंबूत मिसळ, रांग पार बाभळीपर्यंत.
दुसऱ्यात ओटची बिस्किटं. तिथे एक माशी, तीही चुकून आलेली.

शंभर किलोचा दगड होता.
आणताना जेसीबी लागला,
उचलायला मात्र माणूसच हवा, असा नियम.
पोलीस अकादमीतली हर्षला आहेर आली,
केस बांधले, दगडाला एकदा थोपटलं म्हशीसारखं,
आणि मांडीवर घेतला.
माझ्या शेजारची बाई म्हणाली, "हिला स्थळ बघताय का?"
मी म्हटलं, दगड बघतेय.

मग निलगिरीचं खोड. सोललेलं, सोळा फुटी.
"किती लांब गेलं ते मोजत नाहीत," पिंगळे भोंग्यातून ओरडत होता,
"हवेत उलटून सरळ पुढं पडलं पाहिजे,
घड्याळात बाराला. अकराला पडलं, कमी गुण."
लोक हसले. आमच्याकडे बारा वाजले की संपतं,
यांच्याकडे तिथे पूर्ण गुण.
मुकुंदने नाव दिलं होतं, मला न सांगता.
विमा कचेरीतला माणूस, गुडघ्याला पट्टा.
त्याचं खोड साडेआठला पडलं,
मिसळीच्या पातेल्यापासून दीड हातावर.
बावीस वर्षांत पहिल्यांदा मी त्याला धावताना पाहिलं,
आधी खोडाबरोबर, मग खोडापासून.

दुपार कलली तसे भगूरचे हवालदार बोराडे उठले,
तोफखान्याच्या बँडमधून निवृत्त.
कोकरू घ्यावं तशी पिशवी बगलेत घेतली.
पहिला आवाज कण्हल्यासारखा. बागेतलं कुत्रं रडलं.
मग खाली एक सूर अंथरला गेला,
सतरंजीसारखा, कुठेही फट नसलेला,
आणि त्यावर दुसरा चालू लागला अनवाणी.

तारेपलीकडे विरळणीची माणसं थांबली होती,
हातात कात्र्या, सुरगाण्याकडची.
त्यातला लहानू गावित वाकून आत आला.
"ती पिशवी कशाला?"
"वारा साठवायला. श्वास घेताना सूर तुटू नये म्हणून."
लहानू हसला. "आमी त गालातच ठेवतो."
पावरी घरी होती, आढ्याला टांगलेली,
डोंगरदेवाचा महिना सरलेला.
त्याने शहाळेवाल्याकडून नळी घेतली,
ग्लासभर पाणी घेतलं, आणि फुंकू लागला.

बुडबुडे.
एवढंच. बुडबुडे, न थांबता.
नाकाने वारा आत जात होता, गाल फुगत होते, बसत होते,
पाणी उकळतच राहिलं.
खोडासाठी आणलेलं घड्याळ कुणीतरी चालू केलं.
दोन मिनिटं. दोन मिनिटं दहा.
हवालदार पिशवी सैल सोडून
त्या ग्लासाकडे बघत होते, पोरासारखे.
तेवढ्यात मुकादमाने हाक मारली.
लहानूने नळी पुसली, परत दिली, तारेखालून गेला.

हा खेळ यादीत नव्हता.
बक्षीस हर्षलाला मिळालं, एक चांदीचा बिल्ला आणि द्राक्षांची पेटी.
तिने पेटी तिथेच फोडली, वाटली.

रात्री ओट्याशी मी ग्लास भरला.
मुकुंद आत बाम चोळत होता.
फुंकलं. श्वास घ्यायला गेले की तुटत होतं,
पुन्हा फुंकलं, पुन्हा तुटलं, नाकात पाणी गेलं.
"काय चाललंय?" आतून आवाज आला.
काही नाही, म्हटलं.
"माझं साडेआठला पडलं ना गं?"
नऊला असेल, मी म्हटलं,
आणि गाल फुगवले.